पोरीच्या घरचं पाणी

आमच्या ऑफिसातले अण्णा बेनाडीकर स्वतः काढलेल्या घरात पाण्याचा घोटही घेत नाहीत. वास्तुशांतीच्या दिवशी आत पंगतीमागून पंगती उठत असतात, पानापानावर चिरोटे पडत असतात, आणि ज्यानं त्या घराची रेघ न् रेघ आखली तो मनुष्य फाटकाबाहेर आपल्या जुन्या स्कूटरला टेकून उभा असतो. आतून कुणी पाण्याचा पेला घेऊन आलं की दोन्ही हात जोडतो आणि पेला परत पाठवतो. मग कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्या उभ्या इडली खाऊन येतो आणि पुन्हा स्कूटरला टेकतो.

"का हो अण्णा?" मी नवीन असताना विचारलं होतं.

"पोरीच्या घरचं खातात काय रे?" अण्णा म्हणाले. "तुमच्या पुण्यात खात असतील. आमच्या निपाणीकडं पोरीला मूलबाळ होईपर्यंत बाप तिच्या दारात पाणी पीत नाही."

म्हणजे घर ही पोर, आर्किटेक्ट हा बाप, आणि घराच्या किल्ल्या घेणारं गिऱ्हाईक हा व्याही. मला वाटलं, म्हाताऱ्याची लहर आहे, जाईल. लहर काही गेली नाही. माझी झोप मात्र गेली.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. मी अण्णांवर जळतो. रोज सकाळी दहाला सुरू करतो, जेवणाच्या सुट्टीत थोडा थांबतो, संध्याकाळी मेट्रोत उभं राहून उरलेलं जळतो.

आमचं ऑफिस म्हणजे बेंगळुरूच्या शिवाजीनगरात एका गादीवाल्याच्या डोक्यावर दोन खोल्या. खाली कापूस पिंजतात, वर आम्ही डोकं पिंजतो. मालकीण सावित्री मॅडम म्हैसूरच्या. कामं त्या आणतात आणि पालिकेत खेटेही त्याच घालतात. घरं काढायला दोघं, अण्णा आणि मी. अण्णा साठी ओलांडलेले, अजून पेन्सिल कानावर ठेवणारे. मी पुण्याहून आलेला, परदेशात एक उन्हाळी कोर्स केलेला. त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून माझ्या खुर्चीमागे लावलं आहे, पण खुर्चीत मी बसलेला असल्यामुळे ते कुणाला दिसत नाही. कन्नडमध्ये मला 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढे दोनच शब्द येतात. रिक्षावाला, भाजीवाली आणि गवंडी असे तिन्ही संसार मी त्या दोघांवर चालवतो.

अण्णांना कन्नड आणि मराठी दोन्ही सारखंच येतं, पण ते बोलतात तिसरंच काहीतरी, आणि ते सगळ्यांना कळतं. गिऱ्हाईक पहिल्यांदा ऑफिसात आलं की मी त्याला पडद्यावर चित्रं दाखवतो. अण्णा त्याला स्थळ बघायला आल्यासारखं न्याहाळतात. "घरात मोठ्यानं बोलता काय? चपला घालून फिरता काय? भिंतीला खिळं किती मारणार?" एका सॉफ्टवेअरवाल्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की हॉलमध्ये मोठा टीव्ही लावायचा आहे. अण्णांनी ड्रिलचा आवाज आताच आल्यासारखे कान झाकले. "पोरीला इतकं भोसकायचं म्हटल्यावर मी देणार नाही," म्हणाले. मी टेबलाखाली हात चोळत होतो, की आता हा मनुष्य उठून जाणार आणि काम माझ्याकडे येणार. तो हात जोडून म्हणाला, "टीव्ही स्टँडवर ठेवतो, सर."

काम संपत आलं की अण्णा चिकपेटला जातात आणि कडीकोयंडे घेतात. त्याला ते दागिने करणं म्हणतात. पितळेची एक कडी घ्यायला दुकानामागून दुकानं. मी मागून पिशवी धरून. दुकानदार विचारतो, "अण्णा, लग्न कधी?" आणि अण्णा तिथी सांगतात. मग किल्ल्या देतात, फाटकाच्या खांबावर दोनदा थोपटतात, नाक शिंकरतात, आणि ऑफिसात येऊन जाहीर करतात, "उजवली एक."

इथवर मी सहन केलं असतं. खरी आग पुढे आहे.

अण्णांची घरं गळतात. हे मी जळून बोलत नाही, जळत असलो तरी. अण्णांना गच्चीवर झाडं लागतात, भिंतीत कोनाडे लागतात, छपराला मधेच एक काचेचा तुकडा लागतो, आणि बेंगळुरूचा संध्याकाळचा पाऊस अशा ठिकाणांच्या शोधातच असतो. गिऱ्हाइकाचा फोन येतो. अण्णा घाबरून उठतात. "सर्दी झाली पोरीला," म्हणतात, स्कूटर काढतात आणि जातात. तिथं पायरीवर बसतात, गवंड्याला बोलावतात. घरची माणसं येऊन भोवती बसतात, नातवाचं नाव काय ठेवायचं, सुनेनं नोकरी सोडावी की काय, सगळं त्या ओल्या भिंतीखाली अण्णांना विचारून ठरतं. जयनगरच्या कमलम्मा त्यांना 'बीगरे' म्हणून हाक मारतात. बीगरे म्हणजे कन्नडमध्ये व्याही. त्या बाईंच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच छप्पर गळत होतं, आणि त्या कौतुकानं सांगत होत्या, "बीगरे, अगदी सांबारात पडतं हो!"

मॅडमच्या नावावर मी काढलेली घरं गळत नाहीत. वॉटरप्रूफिंग हा माझा धर्म आहे. मी गच्चीवर पाणी भरून तिथं खुर्ची टाकून बसतो. परिणाम असा, की किल्ली दिल्यावर मला कुणी फोन करत नाही. कशाला करतील? जे घर ठणठणीत आहे त्याला बाप लागत नाही.

बरं, अण्णा त्या घरांतून खात नाहीत म्हणून माणसं डबे ऑफिसात आणून देतात. गौरीला डबे, युगादीला डबे. अण्णा झाकण उघडून वास घेतात, डोळे मिटतात आणि डबा माझ्याकडे सरकवतात. "पोरीच्याच घरचं की ते. तू खा." मी खातो. बिसीबेळे भात, होळिगे, कोडबळे. ऑफिसात आलो तेव्हाची माझी एकही पँट मला आता होत नाही, आणि त्यातला एकही घास माझ्यासाठी केलेला नव्हता.

एकदा एका व्याह्यानं अण्णांना कोंडीत पकडलं होतं. त्यानं घरावर मजला चढवला आणि पेढे घेऊन आला. "अण्णा, पोरीला मूल झालं. आता जेवायला या." मी खुर्ची पुढे ओढून बसलो. अण्णांनी पेढ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"वरचा मजला कुणी काढला?"

"तुम्ही तेव्हा आजारी होता ना, म्हणून दुसऱ्या एकाकडून..."

"मग तो माझा नातू कसा ओ?" अण्णा म्हणाले, आणि पेढे माझ्याकडे सरकले.

अशा रीतीनं मी फुगत आणि जळत असताना मॅडमनी मला पहिलं स्वतंत्र घर दिलं. मालक लिमये काका, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. आयुष्य क्वार्टर्समध्ये गेलेलं, मुलगा परदेशात, के. आर. पुरमला एक प्लॉट. मराठी माणसं, माझ्या भाषेतली! 'स्वल्प'ची गरज नाही. मी मनाशी ठरवलं, की हे घर माझं. ह्या घरची माणसं माझी. ह्यांच्या ओट्यावर बसून ह्यांच्या नातवाचं नाव मी ठेवणार.

जीव ओतला. लिमये काकूंची उंची मोजून ओटा केला. जिन्याखाली वाचत बसायला एक कोनाडा काढला, त्यात सकाळचं ऊन अचूक मांडीवर पडेल असा. गच्ची तर अशी केली, की वर तळं बांधलं तरी खाली थेंब येणार नाही. आणि वास्तुशांतीच्या दिवशी, मला आता लिहितानाही घाम फुटतो, मी अण्णांची नक्कल केली.

काकू दारात आल्या. "मंदार, पानं मांडलीत. चला बसा."

मी आवाज खोल लावला. "नको काकू. मी ह्या घरात जेवणार नाही."

आणि 'का हो?' ची वाट बघत थांबलो.

"अगंबाई, आज चतुर्थी आहे का?" काकूंनी काकांना विचारलं.

"पित्त असेल," काका म्हणाले. "हल्लीच्या मुलांना पित्त फार. सोडा देऊ का रे?"

"तसं नाही काका. हे घर म्हणजे मला... मुलगी..."

"मुलगी झाली?" काकू मोहरून गेल्या. "आणि बोलला नाहीत ते! बारसं कधी?"

"नाही हो, माझं अजून लग्नच झालेलं नाही."

काकूंचा चेहरा उतरला. काकांनी मला हाताला धरून बाजूला नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, चूक कुणाच्याही हातून होते. आता तिच्या आईला वाऱ्यावर सोडू नकोस."

काकांना सगळं समजावून सांगेपर्यंत पहिली पंगत बसली होती. आणि पंगतीत पहिल्याच पानावर कोण? अण्णा! मांडी घालून, बाह्या सारून.

"अण्णा," मी खिडकीतून कुजबुजलो, "तुम्ही जेवता?"

"न जेवायला काय झालं? ही काय माझी पोर नव्हे. तुझी हाय. मी आज वऱ्हाडी." आणि पानाकडे वळून, "वाढा की ओ वहिनी, लाजू नका!"

अण्णा जेवले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी पंगतीत जेवताना पाहिलं नव्हतं. पुरणपोळी दुधात बुडवून, तुपात बुडवून, मग नुसतीच. कटाची आमटी ओंजळीनं प्यायल्यासारखी. प्रत्येक घासाला "व्वा वहिनी", "आमच्या आईची आठवण आली वहिनी". लिमये काकूंना त्यांच्या आयुष्यात असं जेवणारं माणूस भेटलं नसावं. काका तर पोळीबरोबर पेपर वाचतात. काकू पोळ्यांचं ताट घेऊन पानासमोरून हलेनात. मी फाटकाबाहेर उभा होतो. मला टेकायला स्कूटरही नव्हती. पाण्याचा पेला घेऊन कुणी आलं नाही. शेवटी भूक असह्य झाली तेव्हा मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरलो आणि पुरणपोळीची गुंडाळी तोंडात असताना काकूंना सापडलो.

"बघा," काकू आतल्या खोलीत ओरडल्या, "पित्त उतरलं त्यांचं!"

त्यानंतर शांतता. महिने गेले. पाऊस झाला, मुसळधार झाला, के. आर. पुरमला रस्त्यावर पाणी साचल्याचं मी मोठ्या आशेनं वाचलं. फोन नाही. शेवटी मीच केला.

"काका, ओल वगैरे?"

"छे! कोरडं ठाक."

"तडा? दरवाजा फुगला? जिना थोडा करकरतो का?"

"काही नाही रे. उत्तम आहे. ठेवू?"

तिकडे कमलम्मांकडे पुन्हा सांबारात पडलं आणि अण्णा शीळ वाजवत निघाले. मी त्यांच्या पाठमोऱ्या स्कूटरकडे बघत मनात म्हटलं, की ह्या माणसाला काय कमी आहे? बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, हे मला ठाऊक होतं. पण अख्ख्या शहरात ज्याला दारं उघडी आहेत त्याला एकटं कोण म्हणेल? एकटा मी. माझं एकच घर, आणि ते कोरडं ठाक.

आणि मग एका रविवारी दुपारी फोन वाजला. लिमये काकू!

"काय झालं काकू?" माझा आवाज नको तितका आनंदी निघाला. "गळतंय का?"

"इश्श, गळेल कशाला? अहो, अण्णा आले नाहीत अजून. फोनही बंद आहे त्यांचा. भरली वांगी गार व्हायला लागली. तुम्ही एकाच ऑफिसात ना, म्हणून विचारलं."

"अण्णा तुमच्याकडे येणार होते?"

"म्हणजे काय, दर रविवारी येतात की. तुम्हाला बोलले नाहीत? वास्तुशांतीपासून. जेवतात, यांच्याशी गप्पा मारतात, आणि जिन्याखाली ते तुम्ही काहीतरी केलंय ना कोनाड्यासारखं, तिथं झोपतात थोडा वेळ. घोरतात हो, पण घर भरल्यासारखं वाटतं."

माझा कोनाडा! माझं मांडीवरचं ऊन! मी अण्णांच्या पोरींचे उरलेसुरले डबे खात होतो आणि अण्णा माझ्या पोरीच्या घरी ताजी वांगी खाऊन, माझ्या उन्हात पाय पसरून घोरत होते! "बघतो मी," एवढंच काकूंना म्हटलं. ते काळजीनं म्हटलं असं त्यांना वाटलं असणार.

अण्णांचं घर मी कधी पाहिलं नव्हतं. शिवाजीनगरच्या बसस्टँडमागे, गॅरेजच्या गल्लीत. वाटेत मी बोलायची वाक्यं जुळवत होतो. पहिलं वाक्य फार चांगलं जमलं होतं: 'अण्णा, दुसऱ्याच्या पोरीवर डोळा ठेवणं निपाणीत चालतं का?'

दार नुसतं लोटलेलं होतं. आत भर दुपारी ट्यूबलाइट, कारण एकुलत्या खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत. लोकांच्या छपरात काच बसवणाऱ्या माणसाच्या खोलीत उजेड नव्हता. अण्णा कॉटवर कांबळं पांघरून पडले होते. कपाळाला हात लावला तर तवा.

"कोण, मंदार? तू का म्हणून आलास?"

"लिमये काकूंनी पाठवलं." 'लिमये' मी जरा चावून म्हटलं.

अण्णा शाळेत पकडलेल्या पोरासारखे दिसायला लागले. "सांगितलं काय त्यांनी?"

"दर रविवारी."

"होय की," अण्णा म्हणाले आणि कांबळ्याच्या दशा ओढत बसले. "तुला सांगणार होतो. खरं तू चिडशील म्हणून ऱ्हायलं. तू लई लवकर चिडतोस रे."

मी चिडून म्हटलं, "मी कुठं चिडतोय?"

"ते पाणी न पिण्याचं," ते थोड्या वेळानं म्हणाले, "मी गमतीनं बोललो होतो रे. अगदी पहिल्या घराला. घरची बाई रडायलाच लागली, इतकी माया म्हणाली. तिनं दुसऱ्याला सांगितलं. दुसऱ्या घरात मी जायच्या आधी गोष्ट पोचलेली. मग मोडता येईना. आमची ही होती तोवर काय बिघडलं नव्हतं. घरी यायचो, ती हसायची, आला उपाशी बाप, म्हणायची, वाढायची. ती गेली आणि..." अण्णांनी हात हवेत असाच फिरवला. "आता बघ, ह्या गावात कुठंबी जा, माझी पोर. दुपारचं स्कूटरवरून जाताना हिच्याकडनं फोडणीचा वास, तिच्याकडनं फोडणीचा वास. खरं मला आत जाता येत नाही. इतक्या लोकांना काय सांगू? गंमत केली होती म्हणून?"

गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. तो थांबेपर्यंत अण्णाही थांबले.

"तुझ्या पोरीचं घर म्हणजे भावाच्या पोरीचं घर. चुलत्याला चालतंय तिथं."

अण्णांनी मला आजवर येडा, पुण्याचा आणि मर्दा असं सगळं म्हटलं होतं. भाऊ म्हटलेलं नव्हतं.

"आता एक कर," ते उठायचा प्रयत्न करत म्हणाले. "वहिनींना फोन लाव. सांग, गावाला गेलेत. कुणाचं तरी लग्न निघालं म्हण."

"खोटं कशाला? ताप आहे म्हणून सांगतो. त्या डबा पाठवतील."

"तेच नको!" अण्णांचा आवाज चढला. "आज ते मला बोलावतात ते वांगी चांगली झाली म्हणून. हितं पडलोय, बघायला कुणी नाही, हे कळलं की कीव करून बोलावतील. मग मला जेवण जायचं नाही रे."

मी फोन लावला. अण्णांनी खूण केली म्हणून आवाज मोठा ठेवला.

"काकू, अण्णा निपाणीला गेलेत. भाच्याचं लग्न अचानक ठरलं."

"अगंबाई! हो का? मी उगीच घाबरले." मग भांड्यांचा आवाज. "मग असं करा मंदार, तुम्ही या. इतकं केलंय, आम्ही दोघं काय खाणार? आणि घर तर तुम्ही बांधलंत, पण त्या दिवसानंतर फिरकला नाहीत. दर रविवारी या की. आम्हाला कुणीतरी हवंच असतं."

हेच वाक्य ऐकायला मी ओट्याची उंची मोजली होती. मी खोलीतल्या ट्यूबलाइटकडे पाहिलं. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"नको काकू," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी अण्णा येतायत. तांदूळ जरा जास्त टाका, लग्नाचं जेवण त्यांना आवडलेलं नसणार."

फोन ठेवला. कोपऱ्यात स्टोव्ह होता, डब्यात मूठभर तांदूळ होते. मी पेज टाकली. पेज करायला अक्कल लागत नाही असं माझी आई म्हणते, तिनं माझी पेज पाहिलेली नाही.

"येडा काय रे तू," भिंतीकडून आवाज आला. "बोलावत होत्या तर जायचं की."

"पडून राहा तुम्ही."

मग अण्णा कोपरावर उठले.

"वांगी म्हणाल्या काय? भरली?"

"हं."

"दाण्याचं कूट घालत नाही ती बाई. तीळ आणि सुकं खोबरं. आणि देठं काढत नाही, लांब ठेवते. असं धरायचं," त्यांनी तापलेली दोन बोटं वर केली, "आणि दातानं नुसतं ओढायचं. बी सुद्धा लागत नाही."

पेज खाली लागल्याचा वास यायला लागला होता. मी ढवळत राहिलो आणि अण्णा सांगत राहिले, गूळ किती, चिंच किती, तेल कसं कडेनं सुटतं. माझ्या ओट्यावर, माझ्या खिडकीच्या उजेडात केलेली वांगी. मी ती आजपर्यंत खाल्लेली नाहीत.